पेट्रोलाची जिवाणी

शहादा, ता. ३० डिसेंबर १९४५

चि. शांतिलाल,

भुवाचा आशीर्वाद घे आणि कान पुढे कर, म्हणजे मला धरता येईल.

तुझं कार्ड पोचलं. लढाई संपली, लष्करातून तुझी सुटका होणार, नागपूरला मोटारींच्या कारखान्यात तू नोकरी धरलीस, सगळं वाचलं. फेब्रुवारीच्या मध्याला कराची सोडशील, सुरतेहून गाडी बदलशील, ती गाडी नंदुरबारवरून जाईल आणि तू खिडकीतून आपला मुलूख बघून घेशील. वा रे वा! आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. तेव्हापासून जिनं तुला वाढवलं ती इथं शहाद्यात बसलेली, आणि तू खिडकीतून बघून घेणार!

वर आणि लिहितोस, 'बापूजींनी बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही, त्यांनीच तसं सांगितलं होतं.' सांगितलं होतं ना, मी तिथंच उभी होते. 'ज्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात, त्या घरातला छोरा लढाईवर जाणार?' असं तो म्हणाला. तू म्हणालास, मी बंदूक धरणार नाही, लॉऱ्या दुरुस्त करणार. मग तो म्हणाला, 'जा. पण मी बोलावल्याशिवाय परत येऊ नकोस.' एरवी बापाचा एक शब्द ऐकत नव्हतास. हाच बरा ऐकलास!

आता माझं ऐक. तुझा बाप तुला पत्र घालून बोलावणार नाही. माझा धाकटा भाऊ आहे तो, मी त्याला लंगोटात पाहिलंय. रागावलेला धरमा एक वेळ उपाशी राहील, पण आपण होऊन वाढा म्हणणार नाही. म्हणून मी ठरवलंय, तुझी गाडी येईल त्या दिवशी त्याला नंदुरबार स्टेशनावर आणून उभा करायचं. पोरगा समोर दिसल्यावर तोंडातून 'घरी चल' कसं निघत नाही तेच बघते.

पण आणायचं कसं? पावसाळ्यापासून त्याची कंबर जराशी धरलीय. काळजीचं काही नाही. पण बैलगाडीचे हिसके त्याला सोसायचे नाहीत, आणि सर्व्हिस मोटारीत मिरचीच्या पोत्यांना टेकून बसायला तो तयार नाही. तेव्हा आपली मोटार.

तू गेल्यापासून ती अंगणासमोरच्या वखारीत ताडपत्रीखाली पडून आहे. काल मी आणि आपला गाडीवान झिपरू, दोघांनी ताडपत्री ओढली. झिपरूनं हँडल मारून मारून अंगरखा भिजवला. शेवटी खाली बसला आणि म्हणाला, "बाई, हाई मोटार रुसेल शे." या घरात अजून एक रुसायचं बाकी होतं! मग कापसाच्या जिनाचा ड्रायव्हर उदेसिंग येऊन बघून गेला. म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, कारबेटर चोंदलंय. पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजायचं भांडं असतं ते. धुळ्याला पाठवा म्हणाला. धुळ्याला पाठवलं तर ते होळीला परत येईल. मी त्याला म्हटलं, भांडंच आहे ना? जन्म गेला माझा भांडी घासण्यात.

तर ते कसं उघडायचं, कसं धुवायचं, कसं बंद करायचं, मला समजेल असं लिहून पाठव. तुझ्या पुस्तकांवर तुझ्या शेजारी बसून मराठी शिकले, तेव्हा मला सगळं समजतं. इंग्रजी शब्द घालून शहाणपणा दाखवू नकोस.

भुवा कंकुबाई


शहादा, ता. ११ जानेवारी १९४६

चि. शांती,

तुझं पाकीट आलं. चार पानं कारबेटरवर, चित्रं काढून, बाण दाखवून! आणि बापाची कंबर कशी आहे, याबद्दल एक ओळ नाही. बरं बाबा. कारबेटरला तरी तुझी माया आहे.

तू सांगितलंस तसं केलं. उदेसिंगनं पान्यानं ते सोडवून दिलं. आधी मी चुलीतला विस्तव विझवला, अंगणात जुनी पितळी परात मांडली आणि तिच्यात एकेक तुकडा काढला त्या क्रमानं गोल लावत गेले. बाईमाणसाला हे शिकवायला लागत नाही. वडे तळताना पहिला कुठला टाकला हे आम्हाला बरोबर आठवतं. आत बघितलं तर काय! पेट्रोल सुकून सुकून राळेसारखं चिकट झालेलं. तुझी ती बारीक छिद्राची पितळी खीळ, तिचं तर छिद्रच दिसेना.

'तार घालू नकोस, छिद्र मोठं होईल. घोड्याचा केस घाल,' असं लिहिलंयस. आपल्या दारात घोडा कधी होता रे? मी झिपरूला म्हटलं, तुझ्या बैलाच्या शेपटीचा केस दे. तो म्हणाला, "बैलनी शेपटी आन् मोटारले?" आणि असा हसला की केस उपटताना बैलानं त्याला लाथ घातली. पण केस चालला. आणि 'जोरात फुंक मार' असं जे लिहिलंयस, ते वाचून मी घडीभर थबकले. सामायिकाला बसताना तोंडावर पट्टी बांधते मी, वाऱ्यातल्या जीवाला इजा नको म्हणून. पण मारली फुंकर. छिद्रातून पलीकडचा उजेड दिसला तेव्हा इतका आनंद झाला म्हणून सांगू! प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी एकासना केला, एक वेळ जेवले.

आत पाण्यावर भोपळा तरंगावा तशी तरंगणारी जी पोकळ डबी आहे, ती हलवली तर आत पेट्रोल डुचमळत होतं. म्हणजे तिला भोक. तू म्हणालास तशी गरम पाण्यात बुडवली, जिथून बुडबुडे आले तिथं कुंकवाचं बोट लावलं. माझ्याकडे कुंकू कुठलं, शेजारच्या गुलाबबाईकडून मागून आणलं. ती डोळे फाडून बघायलाच लागली. म्हटलं, घाबरू नका, मला नको, डबीला पाहिजे. आता साऱ्या गल्लीत झालंय की कंकुबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. होऊ दे. कासारानं डबीला डाग मारून दिला.

तुझे बापूजी विचारतील तर काय सांगायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. पण विचारलं कुठं? अंगणात खाट टाकून दिवसभर बसलेला असतो, माझ्याकडे पाठ करून. मी परात वाजवली तरी वळून बघत नाही.

उद्या सगळं जोडते.

भुवा


शहादा, ता. २२ जानेवारी १९४६

शांती,

आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा जपून वाच.

मोटार चालू होते आणि मरते. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा झिपरू वखारीबाहेर धावत सुटला, "बोलनी व बाई, बोलनी!" असं ओरडत. मी देवाला हात जोडायला वळते तोवर खोकली आणि गप्प. पुन्हा कारबेटर सोडवलं, पुन्हा तीच खीळ चोंदलेली. धुतली, केस फिरवला, फुंकर मारली, जोडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं किती वेळा केलं ते विचारू नकोस. मी पेट्रोल नीट गाळून घालतेय, दुहेरी फडक्यातून. तरी आत घाण येते कुठून? टाकी उदेसिंगनं काढून धुऊन दिली. नळी धुतली. काय चुकतंय ते तूच सांग.

आणि तुझं परवाचं पत्र. 'बापूजींना जबरदस्तीनं स्टेशनावर आणू नका. त्यांची इच्छा नसताना आणलंत तर मी डब्यातून उतरणार नाही.' हे तू मला लिहितोस? गाढवा, तुला काय वाटतं, तो तिकडे निवांत बसलाय?

मी तुझ्यापासून एक लपवलं होतं, आता लपवत नाही. कंबर धरलीय म्हणाले ते तसं नाही. श्रावणात तो दुकानाच्या पायऱ्यांवरून पडला. दसऱ्यापर्यंत अंथरुणात होता. ग्लानीत कोणाला हाका मारायचा, ते मी तुला सांगणार नाही, कारण त्यानं मला शपथ घातलीय. तूच काय ते समज. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतो. दुकानात जात नाही. पूर्वी ज्याचा आवाज बाजारात ऐकू यायचा, तो आता पाणी हवं असेल तर मी जवळून जाईपर्यंत थांबतो. मला रडू येतं रे. त्याच्या समोर रडत नाही, मोटारीच्या मागे जाऊन रडते. तेलकट हातांनी डोळे पुसते, मग दिवसभर चुरचुरतात.

मी म्हातारी झाले. त्याचंही काही खरं नाही. एकदा तू नागपूरला जाऊन बसलास, की मग एखादं सुतकाचं कार्ड येईल तेव्हाच येशील. ते मला नकोय. त्याआधी, तो आपल्या तोंडानं बोलावील आणि तू येशील, एवढंच मला बघायचंय. बाकी मला या जन्मात काही नको.

एक सांगते. त्याची खाट रोज थोडी थोडी फिरतेय. सुरुवातीला पाठ होती, मग खांदा दिसायला लागला, आता अर्धा चेहरा दिसतो. झिपरूला विचारलं, खाट कोण हलवतं? झिपरू म्हणाला, "मालकच म्हने, ऊन लागस." अंगणात त्या बाजूला ऊन येतच नाही.

भुवा


शहादा, ता. ३० जानेवारी १९४६

चि. शांती,

सापडलं! बस, आधी पाणी पी, मग वाच.

सोमवारी मी पुन्हा सगळं धुऊन जोडलं. डब्यातलं पेट्रोल घेतलं, दुहेरी फडकं नरसाळ्यावर धरलं आणि सावकाश टाकीत गाळलं. फडक्यावर काळा गाळ आणि चिकट कण राहिले. मग मी काय केलं? जे जन्मभर करत आले तेच. फडकं उलटं केलं, वरून थोडं पेट्रोल ओतलं आणि गाळ परत टाकीत सोडला.

तू समजलास ना? विहिरीवरून पाणी आणलं, गाळलं, की फडक्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात हलकेच परत सोडायचे. जिवाणी टाकायची. माझ्या आईनं मला शिकवलं, तेव्हा मी परकर नेसत होते. त्या दिवसापासून एकदाही चुकलं नाही. डोकं कारबेटरमध्ये होतं आणि हात आपलं काम करत होते. दर वेळी मी घाण गाळत होते आणि दर वेळी जपून, प्रेमानं, पुन्हा आत घालत होते!

आणि हे पाहिलं कोणी? खाटेवरून आवाज आला, "कंकू!"

मी दचकले. त्यानं कितीतरी दिवसांत मला नावानं हाक मारली नव्हती.

"कंकू, टाकीत जिवाणी टाकलीस?"

मी हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"पेट्रोलात कुठले जीव गं?" तो म्हणाला, आणि हसायला लागला. शांती, तो असा हसला, असा हसला की खोकला लागला, काठी खाली पडली, झिपरू पाणी घेऊन धावला. मीही तिथंच मातीत बसले आणि पदर तोंडाला लावून हसले. गुलाबबाई भिंतीवरून डोकावून बघत होती, तिलाही आमच्याकडे बघून हसू आलं, कशाला ते तिला माहीत नव्हतं.

मग डोळे पुसत तो म्हणाला, "शांतीनं हे बघितलं असतं तर..." आणि थांबला. नाव निघालं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी भांडी आवरायचं निमित्त करून उठले. अशा वेळी बोललं की माणूस पुन्हा आत जाऊन बसतो, मला ठाऊक आहे.

पण तो खाटेवरून उठला. काठी टेकत आला, परातीशी पाट ओढून बसला. म्हणाला, "आण ते शांतीचे कागद." तुझी सगळी पानं त्यानं चष्मा लावून वाचली. चित्रांवर बोट फिरवत होता. 'छोऱ्याला हे सगळं येतं?' असं मला विचारलं. मी म्हटलं, सरकार काय त्याला चेहरा बघून पगार देत होतं? पुढे तो एकटाच पुटपुटला, "इतकं येतं होय." कारबेटरच्या सांध्यात बसवायला नवी पुठ्ठ्याची चकती हवी होती, ती त्यानं स्वतः साडीच्या खोक्यातून कातरली. कापड मोजून फाडणारा हात आहे, एक रेघ इकडची तिकडे नाही.

काल टाकी पुन्हा धुऊन घेतली, आणि मोटार सुरू झाली ती चालूच राहिली. उदेसिंगनं बाहेरचा छोटा स्क्रू जरा आत, जरा बाहेर करून आवाज लावून दिला, तू पत्रात सांगितलास तसा. मग तुझ्या बापाला उदेसिंगच्या शेजारी पुढे बसवलं, मी मागे, झिपरू पायरीवर लोंबकळत. गोमाईच्या पुलापर्यंत गेलो आणि आलो. वाटेत कोणी रामराम घातला की तो म्हणायचा, "शांतीनं पत्रातून दुरुस्त केली." मी केली, असं एकदाही म्हणाला नाही, हलकट!

आता मी निवांत आहे. मोटार झाली, तो बसायला तयार झाला. वाटेत प्रकाशे गावाला तापीच्या वाळूतून मोटार ओढायला झिपरूचे बैल आधी जाऊन थांबतील. तू फक्त गाडी कुठल्या दिवशी आहे ते तारेनं कळव.

भुवा


शहादा, ता. ४ फेब्रुवारी १९४६

चि. शांती,

मोटार बंद पडली.

तुझी तार आली, सोळा तारीख कळली. ती मी त्याला वाचून दाखवली. आज सकाळी मी आपल्या जैन स्थानकात साधुमहाराजांच्या दर्शनाला गेले होते. परत आले तर झिपरू हँडल मारतोय आणि मोटार नुसती खोकतेय. काल रात्रीपर्यंत मांजरासारखी गुरगुरत होती. म्हटलं, संपलं, आता धुळ्याशिवाय उपाय नाही आणि दिवस तर हातात नाहीत.

पान्याकडे हात गेला तेवढ्यात माझं लक्ष तुझ्या बापाकडे गेलं. खाटेवर बसून, नवकार म्हणत असल्यासारखे ओठ हलवत होता. धुतलेलं पांढरं धोतर, आणि मांडीवर काळी बोटं उमटलेली.

मी वखारीत जाऊन बघितलं. आवाजाचा तो छोटा स्क्रू निम्माअर्धा बाहेर काढून ठेवलेला.

"धरमा," मी म्हटलं, "हे तू केलंस."

"नाही."

"धोतर बघ."

त्यानं धोतर बघितलं. मग झिपरूला म्हणाला, "बैलांना पाणी दाखव जा." झिपरू गेला. मी समोर उभी राहिले. असं वाटलं, हातातला पाना त्याच्या डोक्यात घालावा. एवढं सगळं करून, त्याला स्टेशनापर्यंत न्यायची वेळ आली आणि यानं असा दावा साधावा! तसं मी त्याला बोललेही. जे तोंडाला आलं ते बोलले. पडल्यापासून त्याला कधी मोठ्यानं बोलले नव्हते, ते सगळं आज बोलून घेतलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कंकू, स्टेशनात गाडी किती वेळ थांबते?"

"थांबते तेवढी थांबते."

"तो खिडकीत असणार. मी खाली उभा असणार, काठी धरून. लोक बघत असणार. मी काय बोलू? 'कसा आहेस' एवढं म्हणेपर्यंत शिट्टी होणार. तो जाणार, आणि मी हात वर करून उभा. मग तू म्हणणार, झाली ना भेट. ती भेट मला नको." मग म्हणाला, "मोटार बिघडली तर त्याला घरी यावं लागेल. कारबेटर म्हणजे दोन-चार दिवसांचं काम आहे, त्यानंच लिहिलंय. दोन-चार दिवस राहील. जेवेल. झोपेल इथं."

शांती, मी पाना खाली ठेवला. मी त्याच्या शेजारी खाटेवर बसले. लहानपणी आम्ही बसायचो तशी.

मी म्हटलं, "मग त्याला तसं कळव."

"तू लिही, मोटार चालत नाही, म्हणून ये."

"मी नाही लिहिणार. माझ्या लिहिण्यावर तो यायचा नाही. तुझा शब्द धरून बसलाय तो, तुलाच बोलवायला पाहिजे."

"मला मराठी अक्षर नीट येत नाही."

"येतं तेवढं लिही. तुझी चोपडीतली दुकानी अक्षरं त्याला लागत नाहीत, बाळबोधीत लिही."

दौत आणून दिली. दुपारचं जेवण टळून गेलं तरी तो कागद समोर घेऊन बसला होता. दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते हे, मी इथंच खाली चिकटवते आहे. एक अक्षर मी सांगितलेलं नाही.

*शांतीलाल. कारबेटर मला जमत नाहि. घरी ये. — धर्मचंद*

पहिलं वाक्य थाप आहे, त्याला चांगलं जमतं. दुसरं खरं आहे. सोळा तारखेला नंदुरबारला उतर, झिपरू बैलगाडी घेऊन फाटकाशी उभा असेल.

भुवा